दोन वर्षांचा राजधर्म

१५८९ ते १५९१ अशी जेमतेम दोन वर्षं महाराष्ट्राच्या मोठ्या भागाचा राजधर्म महदवी होता. निजामशाही म्हटलं की आपल्याला चांदबीबी आठवते, मलिक अंबर आठवतो, शहाजीराजे आठवतात. त्यांच्या थोडं आधी याच अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, बारा वर्षांचा एक मुलगा तख्तावर बसवला गेला, जुम्म्याच्या खुतब्यातून, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनातून, शियांच्या बारा इमामांची नावं गेली आणि ‘महदी येऊन गेला’ असं मानणाऱ्यांच्या हाती सगळा कारभार आला. नाशिक, त्र्यंबक, गाळणा हा टापू तेव्हा याच राज्यातला. गाळण्याच्या किल्ल्यात निजामशाहीच्या काळातले फारसी शिलालेख आजही आहेत. शेजारचं बागलाण मात्र साल्हेर-मुल्हेरच्या बळावर बागुल राजांनी राखलेलं होतं. शाळेच्या इतिहासात हे प्रकरण फारसं येत नाही, कारण ते कुणाच्याच सोयीचं नाही. ना हिंदू-मुसलमान अशा चौकटीत बसतं, ना दिल्ली विरुद्ध दख्खन अशा.

आधी हा महदी कोण, ते पाहू.

जग अन्यायाने भरून जाईल तेव्हा पैगंबराच्या वंशातला एक मार्गदर्शक येईल आणि पृथ्वी पुन्हा न्यायाने भरेल, अशी इस्लामी परंपरेतली एक जुनी अपेक्षा आहे. त्या मार्गदर्शकाला महदी म्हणतात. अशी अपेक्षा समाजात मुरलेली असली की अधूनमधून कुणीतरी उठून ‘तो मीच’ म्हणतो. बहुतेक दावे दावेदाराबरोबरच मातीत जातात. सय्यद मुहम्मद जौनपुरी यांचा गेला नाही.

त्यांचा जन्म १४४३ मध्ये जौनपूरचा. त्यांचं तारुण्य जौनपूरचे शर्की सुलतान आणि दिल्लीचे लोदी यांच्या लढायांत गेलं. शर्कींचं राज्य बुडालं त्या सुमारास ते कुटुंब आणि शिष्यांसह गाव सोडून निघाले, ते कायमचेच. चंदेरी, मांडू, चांपानेर, बुऱ्हाणपूर, दौलताबाद, अहमदनगर, बिदर, गुलबर्गा असा त्यांचा मार्ग महदवी परंपरा सांगते. पुढे कोकणात उतरून दाभोळ बंदरातून ते हजला गेले. मक्केत, १४९५-९६ च्या सुमारास, त्यांनी आपण महदी असल्याचं प्रथम जाहीर केलं. तिथे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. परत आल्यावर अहमदाबादेत आणि मग पाटणजवळच्या बडली गावात त्यांनी तोच दावा पुन्हा केला, आणि या वेळी मात्र उलेमांचं धाबं दणाणलं. गुजरातेतून हद्दपारी, सिंधमधून हद्दपारी, असं करत करत ते आजच्या अफगाणिस्तानातल्या फराह गावी पोहोचले आणि १५०५ मध्ये तिथेच वारले.

त्यांनी नवा धर्म काढला नाही. कुराण तेच, नमाज तोच. फरक होता तो जगण्यात. त्यांच्या शिष्यांची वस्ती म्हणजे ‘दायरा’. दायऱ्यात यायचं तर घरदार, पेशा, मानमरातब मागे टाकायचा. उद्यासाठी काही साठवायचं नाही. जे काही दान येईल त्याचे सारखे वाटे करायचे. सरदाराने आणलेल्या मोहरा असोत की शेतकऱ्याने आणलेलं धान्य, प्रमुखाचा वाटा आणि कालच आलेल्या विणकराचा वाटा एकच. याला ते ‘सवियत’ म्हणत. प्रवचन फारसीच्या पायऱ्या चढून करायचं नाही; हिंदवी, गुजरी अशा लोकांच्या बोलीत करायचं. दरबारी वतनांवर जगणाऱ्या मौलवींना हा पंथ का खुपला असेल, हे सांगायला धर्मशास्त्र उघडायची गरज नाही.

खुपला तो असा की रक्त सांडलं. सय्यद मुहम्मद यांचे जावई आणि खलिफा सय्यद खुंदमीर १५२४ मध्ये गुजरातच्या फौजेशी लढताना साथीदारांसह मारले गेले. उत्तरेत बयाना इथे शेख अलाई नावाच्या तरुण विद्वानाने हाच मार्ग धरला, तेव्हा दिल्लीचा बादशहा इस्लामशहा सूर याने त्याला दख्खनच्या सीमेवर, नर्मदेकाठच्या हंडियाला, पाठवून दिलं. शिक्षा म्हणून पाठवलेला हा माणूस तिथल्या सुभेदारालाच शिष्य करून बसला! पुन्हा बोलावणं आलं, चौकशी झाली, आणि १५५० च्या सुमारास फटक्यांच्या शिक्षेत त्याचा जीव गेला. बदायुनीसारखा कट्टर सुन्नी इतिहासकारसुद्धा अलाईबद्दल लिहिताना हळवा होतो.

दुसऱ्या बाजूचीही एक गोष्ट आहे, आणि ती टाळणं बरं नव्हे. पाटणचा मुहम्मद ताहिर हा हदीसचा मोठा जाणकार. आपल्या गावातून महदवी मत नाहीसं होईपर्यंत डोक्याला पागोटं बांधणार नाही, असा त्याचा पण होता. १५७३ मध्ये अकबराने गुजरात जिंकलं तेव्हा बादशहाने स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्याला पागोटं बांधलं आणि धर्म राखण्याची जबाबदारी आपली, असं आश्वासन दिलं. पण सुभेदार बदलला तसं वारंही बदललं. ताहिर तक्रार घेऊन आग्र्याकडे निघाला आणि १५७८ मध्ये उज्जैनच्या वाटेवर महदवींनी त्याला ठार केलं. सारखे वाटे करणारा, उद्याची फिकीर न करणारा पंथ ऐंशी वर्षांत इथवर आला होता.

आता अहमदनगरकडे वळू. इथली जमीन या बियाण्याला आधीपासूनच तयार होती.

मलिक अहमदने १४९० मध्ये राज्य उभं केलं ते सुन्नी म्हणून. त्याचा मुलगा पहिला बुऱ्हाण याचा काही काळ महदवींकडे ओढा होता. मग दरबारात शाह ताहिर आला. हा इराणातून जीव वाचवून आलेला विद्वान. मुत्सद्दी असा की आसपासच्या साऱ्या दरबारांत त्याचा शब्द चाले. जगाला तो बारा इमामी शिया म्हणून माहीत होता, पण निझारी इस्माइलींच्या एका शाखेचा तो स्वतःच इमाम होता. म्हणजे ज्याला हजारो लोक ईश्वरी मार्गदर्शक मानत होते तो माणूस भिंगार नाल्याच्या परिसरात निजामशहाचा सल्लागार म्हणून वावरत होता, आणि आपली खरी ओळख झाकून होता. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की राजपुत्र अब्दुल कादर आजारी पडला, ताहिरने नवस बोलायला लावला, मुलगा बरा झाला, आणि १५३७ मध्ये बुऱ्हाणने शिया पंथ राजधर्म केला. नवसाची गोष्ट खरी असो वा नसो, इराणच्या सफवी शहांशी मैत्री जोडण्याच्या दृष्टीने हा निर्णय सोयीचा होता. शहरातल्या सुन्नींनी दंगा केला, तो मोडला गेला.

राजधर्म बदलला की चाकरीही बदलते. इराण-खुरासानातून आलेले शिया सरदार, लेखक, हिशेबनीस दरबारात वर चढले. त्यांना ‘आफाकी’ म्हणत, म्हणजे परदेशी. त्यांच्या विरुद्ध उभे राहिले ते ‘दख्खनी’: पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेले, इथली बोली बोलणारे मुसलमान, आणि त्यांच्या जोडीला हबशी. बहुतेक दख्खनी सुन्नी होते. हे भांडण बहमनी काळापासूनचं. त्यात महमूद गावानसारख्या बहमनी वजिराचं डोकं उडालं होतं. मुद्दा मुख्यतः नेमणुका, जहागिरी आणि मान यांचा होता. पण जहागिरीसाठी लढतो असं सांगून फौज जमत नाही.

१५६५ मध्ये गादीवर आलेला मुर्तजा निजामशहा उत्तरायुष्यात महालात कोंडून घेऊन राहू लागला. लोक त्याला ‘दिवाना’ म्हणत. त्याचा भाऊ, दुसरा बुऱ्हाण, बंड फसल्यावर अकबराच्या आश्रयाला पळाला. त्याची दोन मुलं मागेच किल्ल्यात कैदेत राहिली. राज्य खरं चालवत होता तो सलाबतखान. नगरजवळच्या शाह डोंगरावर आठ कोनांची जी भव्य वास्तू सगळे ‘चांदबीबीचा महाल’ म्हणून दाखवतात, ती याच सलाबतखानाची कबर. मुर्तजाने लहरीत त्यालाच कैदेत टाकलं आणि शेवटचा टेकू निघाला. १५८८ मध्ये मुर्तजाच्या मुलाने, मीरान हुसेनने, बापाला हमामात कोंडून आग लावून गुदमरवून मारलं. त्या वेळी पहाऱ्यावरचा एक अधिकारी केवळ मीरान हुसेनचा शाळासोबती म्हणून वाचला. त्याचं नाव मुहम्मद कासीम फिरिश्ता. पुढचं बरंचसं आपल्याला कळतं ते त्याच्यामुळेच.

मीरान हुसेन दहा महिने टिकला. त्याचा वजीर मिर्झाखान आफाकी होता. आपलं डोकं जाणार अशी कुणकुण लागताच त्याने राजालाच अटक केली आणि आश्रयाला गेलेल्या बुऱ्हाणचा धाकटा मुलगा इस्माइल याला आणवून तख्तावर बसवलं. बाप जिवंत, पण परमुलखात. मुलगा राजा, पण बारा वर्षांचा. किल्ल्यात हा सोहळा चालू असताना बाहेर दख्खनी आणि हबशी शिपाई जमले. त्यांचा म्होरक्या जमालखान, पंथाने महदवी. आमचा राजा आम्हाला दाखवा, अशी त्यांची मागणी. मिर्झाखानाने मीरान हुसेनचं शीर कापून भाल्यावर दाखवलं. जमाव घरी जाईल असा त्याचा हिशेब होता. तो साफ चुकला. दरवाजा पेटवून जमालखानाची माणसं आत घुसली आणि मग आफाकींची कत्तल सुरू झाली, ती फिरिश्ताच्या सांगण्याप्रमाणे सात दिवस चालली. मेलेल्यांचा आकडा तो सुमारे हजार देतो. मिर्झाखान जुन्नरच्या रोखाने पळाला, पकडला गेला, आणि गाढवावरून धिंड काढून मारला गेला.

या सात दिवसांत जे मेले ते शिया म्हणून मेले की परदेशी म्हणून? मारणाऱ्यांत महदवी किती होते? बहुतेक दख्खनी शिपायांना सय्यद मुहम्मद यांच्या शिकवणुकीतलं अवाक्षर ठाऊक असण्याचं कारण नाही. त्यांना परदेशी नको होते. जमालखानाला परदेशी नको होतेच, शिवाय त्यांच्या शिया खुतब्याच्या जागी काहीतरी उभं करायचं होतं. सुन्नी मत होतंच हाताशी. पण ते उलेमांचं, आणि उलेमा महदवींचे जुने वैरी. म्हणून त्याने स्वतःचाच पंथ राजधर्म केला. बालराजाने तो स्वीकारला. बातमी पसरली तसे ठिकठिकाणचे महदवी अहमदनगरात येऊ लागले. गुजरातेत त्यांचे बरेच हाल झाले होतेच. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपलं म्हणावं असं राज्य दिसलं.

काळही मोठा चमत्कारिक होता. हिजरी सन १००० तोंडावर आलं होतं. हजार वर्षं पुरी होताना काहीतरी मोठं घडणार, या कल्पनेने आग्र्यापासून इस्तंबूलपर्यंत लोक अस्वस्थ होते. अकबराने त्यासाठी ‘तारीख-ए-अल्फी’ हा हजार वर्षांचा इतिहासच लिहायला घेतला होता. अशा दिवसांत ‘महदी येऊन गेला, आता त्याच्या अनुयायांचा काळ’ हे वाक्य नुसतं मत राहत नाही, त्याला भविष्यवाणीचा रंग चढतो.

जमालखान शूर होता, हे त्याचे शत्रूही नाकारत नाहीत. कैदेतून सुटलेला सलाबतखान वऱ्हाडची फौज घेऊन आला, त्याला त्याने पैठणजवळ हरवलं. विजापूरची फौज चालून आली, तिच्याशी खंडणी देऊन तह केला. पैठणची लढाई वाचताना मराठी वाचकाला एक गोष्ट हटकून आठवायला हवी. त्या गावात तेव्हा एकनाथ राहत होते. ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करून त्यांना पाच वर्षं झाली होती. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी याच निजामशाहीत देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते. एकनाथांचं ‘हिंदू-तुर्क संवाद’ हे भारूड आपण एक तुर्क, एक हिंदू असं धरून वाचतो. प्रत्यक्षात नाथांच्या डोळ्यांसमोर तुर्कांतलेच तीन तट एकमेकांच्या नरड्याला लागलेले होते.

इकडे खरा वारस, म्हणजे राजाचा बाप, हालचाल करू लागला होता. अकबराने बुऱ्हाणला फौज देऊ केली. मुघल फौज पाहून दख्खनी सरदार बिथरतील, असं सांगून त्याने ती नाकारली. हा त्याचा शहाणपणा. अकबराने त्याला तळासाठी परगणा दिला तो हंडियाचा. शेख अलाईला चाळीसेक वर्षांपूर्वी धाडलं होतं, तेच हंडिया. पहिला प्रयत्न वऱ्हाडात फसला. मग खानदेशचा राजे अलीखान फारुकी आणि विजापूरचा इब्राहिम आदिलशहा यांनी त्याची बाजू घेतली. जमालखानाला दोन तोंडांनी लढावं लागलं. त्याने आधी विजापूरकरांना हरवून शेकडो हत्ती मिळवले आणि त्याच दमात उत्तरेकडे बुऱ्हाणवर धावला.

गाठ पडली ती आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडच्या घाटाजवळ, १५९१ च्या ऐन उन्हाळ्यात. पाण्याच्या जागा शत्रूने अडवलेल्या. तहानलेली फौज, आणि वाटेत एकेक करून बुऱ्हाणला जाऊन मिळणारे दख्खनी सरदार. परदेशी हुसकावायला जे जमालखानाबरोबर होते, त्यांना महदवी राज्य टिकवण्यात रस नव्हता. आणि समोर उभा होता तो परदेशी नव्हे, निजामशाहीचाच राजपुत्र. लढाई चालू असताना बंदुकीची गोळी लागून जमालखान पडला. फौज उधळली. पकडलेल्या इस्माइलला बापाने कैदेत टाकलं आणि स्वतः गादीवर बसला. शिया खुतबा परत आला, हुसकावलेले आफाकी परत आले, महदवींना मारण्याचे हुकूम सुटले. हिजरी १००० उजाडलं ते यानंतर पाचेक महिन्यांनी, ऑक्टोबर १५९१ मध्ये. ज्या रोहिणखेडला हे राज्य बुडालं तिथेच खुदावंदखान महदवीने १५८२ मध्ये बांधलेली दगडी मशीद उभी आहे.

यादवी पेटली की स्वयंघोषित प्रेषितांना आणि त्यांच्या पंथांना मोकळं रान मिळतं, हे इथलंच वैशिष्ट्य नाही. युरोपात १५३४ मध्ये म्युन्स्टर शहर ताब्यात घेऊन यान फान लायडनने स्वतःला राजा आणि प्रेषित ठरवलं; वर्षभराने शहर पडलं आणि त्याचे हाल हाल करून मारण्यात आलं. इंग्लंडमध्ये १६४० च्या दशकात राजा आणि संसद यांच्यात युद्ध पेटलं, छापखान्यांवरचा वचक गेला, आणि गल्लोगल्ली साक्षात्कारी माणसं बोलू लागली. १६५२ मध्ये जॉन रीव्ह आणि लॉडोविक मगलटन या दोन लंडनकरांनी बायबलातले ‘अखेरचे दोन साक्षीदार’ आपणच, असं जाहीर केलं. दोघेही शिंपी. गंमत म्हणजे म्युन्स्टरचा यानसुद्धा शिंपीच. रीव्ह-मगलटन तुरुंगात गेले, पण शस्त्र त्यांनी उचललं नाही. त्याच शहरात ‘पाचवं साम्राज्य’, म्हणजे ख्रिस्ताचं राज्य, येणार म्हणून वाट पाहणाऱ्यांपैकी थॉमस व्हेनरने जानेवारी १६६१ मध्ये मूठभर माणसांनिशी उठाव केला, तो चार दिवसांत चिरडला गेला आणि त्याची चळवळही संपली. मगलटनच्या अनुयायांचा छोटासा पंथ मात्र विसाव्या शतकापर्यंत टिकून होता.

दख्खनमध्येही तसंच घडलं. जमालखानाचं राज्य गेलं, दायरे राहिले. हैदराबादेतलं चंचलगुडा, कर्नाटकातलं चन्नपट्टण, गुजरातेतलं पालनपूर इथे महदवी आजही आहेत. निजामाच्या हैदराबादेत इत्तेहादुल मुस्लिमीनचे अध्यक्ष झालेले, अमोघ वक्ते म्हणून गाजलेले बहादूर यार जंग महदवीच होते.

आता एक इशारा देणं भाग आहे. ही सगळी हकिगत ज्यांनी लिहून ठेवली ते दोघे, फिरिश्ता आणि ‘बुऱ्हान-ए-मआसिर’ लिहिणारा सय्यद अली तबातबा, इराणी वंशाचे शिया होते. फिरिश्ता कत्तलीच्या वर्षीच अहमदनगर सोडून विजापूरला गेला. तबातबाने आपला ग्रंथ लिहिला तो जमालखानाला हरवणाऱ्या बुऱ्हाणच्या पदरी राहून. ग्रंथाच्या नावातच तो बुऱ्हाण आहे. त्यामुळे सात दिवसांच्या कत्तलीचं वर्णन आपल्याकडे आहे, पण १५९१ नंतर मारल्या गेलेल्या महदवींची मोजदाद कुणी केली नाही.

जमालखानाचं मोजमाप करताना हे लक्षात ठेवूनही एक म्हणता येतं. तो ढोंगी नव्हता. पंथावर त्याची श्रद्धा होती, आणि हरणार हे दिसत असताना तो पंथ सोडून पळाला नाही. पण सय्यद मुहम्मद यांनी शिष्यांना ज्या गोष्टी सोडायला सांगितल्या होत्या, म्हणजे पद, फौज, जहागीर आणि उद्याची तरतूद, त्या सगळ्या त्याने पंथाच्या नावाने गोळा केल्या. दख्खनमधल्या महदवींची जेवढी हानी विरोधी उलेमांच्या फतव्यांनी केली नसेल, तेवढी या दोन वर्षांच्या राज्याने केली. रोहिणखेडनंतर चारच वर्षांनी अहमदनगरात पुन्हा एकाच वेळी चार तट पडले आणि त्यांतल्या एकाने अकबराच्या मुलाला मदतीला बोलावलं. त्या चारांत महदवींचा एकही नव्हता.